भाऊंच्या गाण्याला गिटार

११ जानेवारी, रविवार

नाही म्हणाले! सरळ तोंडावर नाही!

विशाल बिचारा केवढ्या हौसेने आला होता. माझा चुलतभाऊ तो, जयंती मंडळाचा सेक्रेटरी. चौदा एप्रिलनंतरच्या शनिवारी भांडुपला आमच्या जुन्या चाळीच्या मैदानात गाण्यांचा कार्यक्रम, आणि त्याची सुरुवात भाऊंच्या गाण्याने — हे मला कळायला लागल्यापासून ठरलेलं. भाऊ म्हणजे माझे वडील, शिवदास. अख्खी चाळ भाऊ म्हणते म्हणून आम्हीपण भाऊच म्हणतो. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात. दोन वर्षं झाली, एक ओळ गायलेले नाहीत. विशाल म्हणाला, ‘भाऊ, या वर्षी तरी.’ तर हे पेपरातून मान वर न करता — ‘धोंड्या गेला. साथीला कोण आहे? नाही गायचं. चहा घे.’

धोंडिराम काका त्यांचे बेंजोवाले. तो पिक्चरमधला बेंजो नव्हे, आमचा — मांडीवर आडवी पेटी, टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबा, उजव्या हाताने तार छेडा. काका गेले आणि भाऊंचं गाणंपण गेलं. मी म्हटलं, मी वाजवते की बेंजो! काकांनीच शिकवलाय मला! तर डोळे वटारून — ‘त्या पेटीचा आवाज या घरात नको. ती वाजली की धोंड्या दिसतो.’

विशाल चहा पिऊन गेला.

बरं. बेंजो नको तर नको, दुसरं काहीतरी. पण या एप्रिलमध्ये भाऊंना त्या मैदानात गायला लावलं नाही तर नावाची माधुरी नाही!

१२ जानेवारी

निलेशची गिटार कपाटावरून काढली. चिरंजीव चार दिवस वाजवून हैदराबादला नोकरीला निघून गेले. गिटार उलटी केली तर आतून एक झुरळ आणि त्याचं हरवलेलं एटीएम कार्ड निघालं. बाकी गिटार झकास आहे.

१४ जानेवारी

वाट लागली.

यूट्यूब वगैरे कोण बघतंय? मी आयुष्यात तारा काय पहिल्यांदा बघतेय? सहा वर्षांची होते तेव्हा भाऊंच्या मागे एकतारी धरून बसायचे. मग काकांच्या हाताखाली बेंजो. तार म्हटली की आधी सुरात लावायची, एवढं मला कळतं. बसले लावायला. बेंजोच्या तारा कशा, सगळ्या एका सुरात. म्हणून गिटारच्याही सगळ्या एका सुरात लावायला घेतल्या. जाडी तार पिळतेय, पिळतेय, ती काही वर येईना. मीपण हट्टी. म्हटलं, येत कशी नाहीस! अजून एक पीळ दिला आणि — फाट्कन! गालावर वळ. रतन आतून धावत आला, ‘सिलिंडर गेला का?’

नवरा आहे की काय आहे! गालाला हळद लावेपर्यंत हसत होता.

भाऊ त्यांच्या खोलीतून बाहेर आलेपण नाहीत. पण टीव्हीचा आवाज बारीक केला, हे मी ऐकलं.

१८ जानेवारी, रविवार

खालच्या मजल्यावरच्या मानसीकडे गेले. कॉलेज झालंय, घरीच गिटारचे क्लास घेते. कणकवलीकडचे लोक. दार उघडताच बांगड्याचा वास, आणि आत ती पोरगी एकदम विलायती चेहऱ्याने गिटार घेऊन बसलेली. माझी गिटार हातात घेतली, तारा बघितल्या आणि सगळी विलायत उतरली — ‘ह्या काय करून ठेवलात तुमी, काकी!’

सहा तारांचे सहा वेगळे सूर असतात म्हणे. एकदम एकमेकींना न जुमानणारे. म्हटलं, मग त्यांचं पटतं कसं? ‘तेच तर शिकवणार आहे,’ म्हणाली.

नवीन तारा घातल्या. मी सवयीने गिटार मांडीवर आडवी घातली आणि वरून बोटं दाबायला लागले. मानसी तोंडावर ओढणी धरून हसत बसली. तिची आई स्वयंपाकघरातून बघून गेली. हसा लेको! उभी धरायची तर खालच्या तारा दिसतपण नाहीत. आंधळ्यासारखं चाचपडायचं.

२५ जानेवारी

बोटं! आई गं, बोटं!

दिवसभर लॅबमध्ये लोकांना सुया टोचते, संध्याकाळी तारा मला टोचतात. फिटंफाट.

१ फेब्रुवारी

बोटांना घट्टे पडले. मानसी खूश — ‘आता खरं सुरू झालं, काकी.’ तिला काय जातंय! मी रक्त घेते. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने शीर चाचपून शोधायची, ही माझी इतक्या वर्षांची सवय. काल एका आजींच्या हाताला पट्टा बांधला आणि बोट फिरवतेय, फिरवतेय — काही लागेच ना! जसं काही बोट माझं नाहीच. आजी शांतपणे म्हणाल्या, ‘बेटा, नस कहीं गयी नहीं है. वहीं है.’

शेवटी उजव्या हाताच्या बोटाने शोधली. पहिल्या टोचणीत मिळाली, इज्जत वाचली. आता रोज उजव्यानेच. लॅबमधल्या मुली विचारतात, मॅडम, डाव्या हाताला काय झालं? म्हटलं, तो नोकरी सोडून कलाकार झालाय.

८ फेब्रुवारी, रविवार

फसवणूक! शुद्ध फसवणूक!

इतके दिवस मी मुकाट्याने कॉर्ड शिकले. तीन-चार बोटं एकदम वेगवेगळ्या तारांवर दाबायची आणि सगळ्या तारा एकत्र वाजवायच्या. तीन कॉर्ड आले. एकातून दुसऱ्यात जाताना बोटांची लोकलसारखी गर्दी होते, पण जाते. आज मानसीला म्हटलं, चल, आता आमच्या भाऊंचं गाणं बसवू. तिला एका तारेवर चाल वाजवून ऐकवली. तिने दोन मिनिटांत कागदावर कॉर्ड लिहून दिले. मी वाजवले. झॅंग झॅंग झॅंग. मी थांबले.

‘गाणं कुठाय?’
‘हेच की काकी, तुमचं गाणं.’
‘यात चाल कुठाय? मला नुस्ती झॅंग झॅंग ऐकू येतेय.’
‘चाल तुम्ही म्हणायची ना! गिटार साथ करणार.’

बेंजोचं कसं, तो स्वतःच गातो. गाणाऱ्याच्या पुढे-मागे तीच चाल म्हणत जातो. वाजवणाऱ्याने तोंड उघडायची गरजच नाही. म्हणून तर मला बेंजो आवडायचा! आमच्या घरात गळा भाऊंचा आणि हात माझे, ही वाटणी झालेलीच आहे. मी म्हटलं, मी गात नाही. मानसी म्हणाली, ‘मग नुस्ते कॉर्ड वाजवून तुम्हाला कळणार कसं, कुठे बदलायचं ते? हळू म्हणा. गुणगुणा. मी नाही ऐकत.’

नाही ऐकत म्हणे! समोर बसून!

गुणगुणले. काय करणार?

११ फेब्रुवारी

गाणं सांगून ठेवते, वहीत कुठेतरी असू दे. भाऊंनी स्वतः रचलेलं, आजीवर. आमची आजी म्हातारपणी रात्रीच्या वर्गात जाऊन सही शिकली. भाऊ तेव्हा तरणे होते, लेथ मशीनवर लागलेले. पोस्टात अंगठ्याची शाई पुढे केली तर आजी म्हणाली, पेन दे. त्याचं गाणं.

‘आय माझी सही शिकली, अंगठा ठेवला पाठी.’

पहिल्या कडव्यात आजी खडी फोडते, दुसऱ्यात पाटी उशाशी घेऊन झोपते. आणि तिसरं —

‘नाव पाटीवर आलं, बघत बसली घडीभर,
म्हणे हे माझं नाव हाय, का माझं नवं घर?’

इथे भाऊ डोळे मिटायचे आणि अख्खं मैदान गप्प व्हायचं. पोरंसुद्धा. मी मागे काकांच्या शेजारी बेंजो वाजवताना दर वेळी रडायचे. कुणाला दिसायचं नाही, सगळे भाऊंकडे बघत असायचे.

मला त्या दोन ओळी लिहितानापण भरून आलं. काय बाई मी!

१५ फेब्रुवारी, रविवार

दार लावून सराव करत होते. रतन बाहेरून — ‘मॅडम, शेजारी विचारतायत, कुकरची शिटी बिघडलीय का?’ मी आतून उशी फेकली, दाराला लागली. पुन्हा सुरू केलं. आणि काय झालं माहितीये? पलीकडच्या खोलीतून भाऊंचा आवाज!

‘सूर खाली जातोय.’

मी थांबलेच. मग परत —

‘आणि तिसरं कडवं तिसऱ्या नंबरावर येतं. पहिल्यानंतर सरळ तिसऱ्यावर उडी मारलीस. मधलं काय कावळ्यानं नेलं?’

दोन वर्षांत त्या गाण्याबद्दल पहिला शब्द! मी उशीत तोंड घालून नाचले. रतन म्हणाला, शिव्या खाऊन एवढी खूश होणारी बाई पहिल्यांदाच बघतोय. तुला काय कळतंय रे! मासा गळाला लागला!

२२ फेब्रुवारी

भाऊ आता सरावाला समोरच येऊन बसतात. खुर्ची ओढून. कानटोपी घालून. गिटारला अजून नावं ठेवतात — ‘नुस्ता झणझणाट. ताटल्या पडल्यासारखा.’ पण मांडीवर हात मात्र ताल धरतो. मी बघितलं की थांबवतात. मी खाली बघितलं की सुरू.

मी मुद्दाम मधेच सोडून देते, म्हणजे न राहवून ते तरी म्हणतील. नाही! ओळ नुस्ती बोलून दाखवतात. बातम्या वाचल्यासारखी. ‘इथे दम घे. इथे शब्द ओढू नको. आयला जास्त आळवायचं नाही, ती काय मेलेली नाही या गाण्यात.’ सगळं सांगतील पण गाणार नाहीत. हट्टीपणात बाप माझा!

१ मार्च

दुसरं कडवं परत उडवलं. दुसऱ्यावर आले की बोटं आपोआप तिसऱ्याकडे धावतात. मानसी म्हणते, तुम्हाला तिथे पोचायची घाई आहे. भाऊ म्हणतात, ‘पाटी उशाशी घेऊन झोपू दे गं तिला. मग उठल्यावर लिहील ना ती.’

असं आहे होय! आज पहिल्यांदा सरळ तिन्ही कडवी झाली. म्हणजे झाली असती. शेवटच्या ओळीला शिंक आली.

८ मार्च, रविवार

लॅबमध्ये महिला दिनाचं गुलाबाचं फूल दिलं. भाऊंनी ते गिटारच्या खुंट्यांत अडकवलं.

भाऊंचा आवाज दुपारनंतर घोगरा येतो. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. ‘काही नाही, धुरळा. मेट्रोचं काम चाललंय ना रस्त्यावर.’ ते खरंय, खिडकीत बोटाने नाव लिहावं एवढी धूळ. पण हल्ली सकाळी गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या करतात. मध खातात. रतनला पानाच्या टपरीवरून ज्येष्ठमध आणायला लावला! मी आणि रतनने एकमेकांकडे बघितलं. गळा तयार करतायत! कुणाला न सांगता! मी मधाची बाटली पुढे सरकवली. मांजर दुधाकडे निघालं की टाळ्या वाजवायच्या नसतात.

१५ मार्च

आज भाऊंनी मला चाटच पाडलं. म्हणाले, ‘पट्टी बदल.’ पट्टी म्हणजे गाणं कुठल्या सुरावरून धरायचं ते. भाऊंची पट्टी जन्माची काळी दोन. सगळ्या भांडुपला ठाऊक. मी गिटारवरपण त्याच हिशोबाने बसवलेलं, आणि त्यात मला म्हणताना खाली पुटपुटल्यासारखं व्हायचं. तर म्हणतात, ‘काळी चार लाव.’

काळी चार! एवढ्या वरून? या वयात? मी म्हटलं, भाऊ, झेपेल का? तर म्हणाले, ‘झेपतं. तू लाव तर खरी.’

मानसीने तो चिमट्यासारखा कॅपो पहिल्या घरात लावून दिला. म्हणाली, ‘आजोबा ग्रेट आहेत काकी. माणसं म्हातारी झाली की खाली येतात, हे वर चढतायत!’ मग? बाप कुणाचा आहे!

गंमत म्हणजे या पट्टीत मलाही म्हणायला एकदम मोकळं वाटतं. दार लावायचं विसरले. म्हणून झाल्यावर बघते तर रतन दारात उभा, हातात कुकरचं झाकण. काही टोमणा मारेल म्हणून वाट बघितली. नाही मारला. ‘भात लावलाय,’ म्हणाला आणि गेला.

२२ मार्च

आज मीच चिडले. म्हटलं, भाऊ, एकदा तरी म्हणा माझ्याबरोबर! साथ जमतेय की नाही ते मला कळणार कसं? तुम्ही गाणार नसाल तर हे सगळं कुणासाठी करतेय मी? बोटं बघा माझी!

बोटं खरंच बघितली. चष्मा लावून. एकेक बोट हातात घेऊन, घट्टा दाबून. मग म्हणाले, ‘धोंड्याची अशीच होती.’

मला रडू आलं. त्यांनापण. मग दोघांनी चहा घेतला. म्हणाले, ‘साथीची काळजी करू नको. साथ चांगली चाललीय.’

५ एप्रिल, रविवार

हो म्हणाले!! हो म्हणाले!!

विशाल आला होता. मी स्वयंपाकघरात, कान बाहेर. विशाल म्हणाला, ‘भाऊ, शेवटचं विचारतो.’ भाऊ त्याला म्हणाले, ‘आमच्या घरचं गाणं होणार. पहिलं. माइक दोन ठेव — एक गळ्याला, एक गिटारला. आणि जरा चांगला ठेव, मागच्या वेळी घुमत होता.’ विशालने उठून त्यांच्या पायाला हातच लावला. म्हणाले, ‘ऊठ रे. चहा घे.’

मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आले आणि विशालच्या शर्टाचा सत्यानाश केला. जिंकले मी! गिटारने जिंकले! मग भाऊ आणि विशाल जिन्यात उभे राहून बराच वेळ काहीतरी बोलत होते. विशालने वळून माझ्याकडे बघितलं. रडका चेहरा. काय हा माणूस, इतक्या आनंदाच्या वेळी!

१२ एप्रिल, रविवार

सराव. सराव. सराव. भाऊंनी आज दारामागच्या खिळ्यावरची एकतारी काढून पुसली. तिला नवीन तार घातली. मला वाटलं, घर आवरतायत. म्हटलं, मी पुसते, द्या. ‘राहू दे, हात हलतोय तेवढा हलू दे.’

ही एकतारी मी धरायचे तेव्हा माझ्यापेक्षा उंच होती.

१४ एप्रिल

जय भीम! सकाळी विहारात जाऊन आलो. भाऊ पांढऱ्या शर्टात. आल्या आल्या भेटेल तो विचारतोय, ‘भाऊ, शनिवारी ना?’ भाऊ नुसते हसतात, बोट ओठांवर ठेवतात. गळा जपतायत.

मी खीर केली. मानसीकडे वाटी पाठवली. वाटीतून सोलकढी आली.

१८ एप्रिल, शनिवार, दुपार

सकाळपासून चार वेळा गिटार सुरात लावली. मला कसली धास्ती? गाणार भाऊ आहेत. मला फक्त तीन कॉर्ड. तरी पाचव्यांदा लावली.

निळी साडी काढली. निलेशचा फोन आला, ‘मम्मी, माझी गिटार स्टेजवर चाललीय आणि मी इथे?’ म्हटलं, झुरळासकट चाललीय, फोन ठेव. मानसी आणि तिची आईपण येतायत रिक्षाने. रतनने मला गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिले. मी म्हटलं, मला कशाला, भाऊंना तोंडपाठ आहे. तो म्हणाला, ‘असू दे गं जवळ.’ सगळे माझ्याशी इतकं गोड का वागतायत आज?

भाऊ निघायला तयार होऊन कधीचे बसलेत. मांडीवर एकतारी. ती कशाला घेतलीय, विचारलं तर म्हणाले, ‘तिलाही कार्यक्रम बघायचाय.’ निघतो.

१९ एप्रिल, रविवार

भाऊ गायले नाहीत.

विशालने माइकवर नाव घेतलं ते माझं. ‘आता गातेय, आपल्या शिवदास भाऊंची लेक, माधुरी!’ मैदानात टाळ्या. मी भाऊंकडे बघितलं. ते माझ्या शेजारी, माइकपासून लांब सरकून, एकतारी कानाशी धरून बसलेले. माझ्या कानात म्हणाले — आवाज कसला, नुस्ता वारा — ‘गळा गेला गं माधे. धोंड्याच्या आधीच गेला. त्याचं नाव पुढं केलं, तुला कळू नये म्हणून. गुळण्या करून बघितल्या, नाही आला परत. पण त्या दिवशी दाराआडून तुझा ऐकला. गा. सूर मी धरतो.’

आणि धरला. काळी चार. माझीच पट्टी.

गायले. तिसरं कडवं तिसऱ्या नंबरावरच आलं.